मुलाला प्लॉट बक्षीस द्यायचाय. कर कुणाला, कधी आणि किती?

वाचकाचं पत्र : मी ७१ वर्षांचा, सूतगिरणीतून हिशेबनीस म्हणून निवृत्त. १९९७ साली जुळे सोलापूर भागात १८०० चौरस फुटांचा बिनशेती प्लॉट ७२ हजारांना घेतला. खरेदीखत माझ्या एकट्याच्या नावावर आहे. त्यातले चाळीसेक हजार पगारातून साठवलेले, बाकीचे मंगळवेढ्याकडची वाडवडिलांची जमीन विकून आले होते त्यातले. मुलगा पुण्यात नोकरीला आहे. त्याला इथं घर बांधायचंय, त्यासाठी बँकेचं कर्ज काढायचंय. मुलगी लग्न होऊन अक्कलकोटला असते. मुलाचं म्हणणं, गड्ड्याच्या (सिद्धेश्वर यात्रेच्या) आधी बक्षीसपत्र करून मोकळे होऊ, जमलं तर सूनबाईंचंही नाव घालू. पण व्हॉट्सॲपवर आलं होतं की ५० हजारांच्या वरच्या भेटीवर कर लागतो. ओळखीतले एक जण म्हणतात, लाखभर रुपयांना विकला असं दाखवा, कर वाचेल. आज त्या भागात असा प्लॉट ४० लाखांच्या आसपास जातो. मला किती कर बसेल, मुलाला किती? काय करू?
— एक निवृत्त वाचक, सोलापूर

उत्तर : सप्रेम नमस्कार. हिशेबनीस माणसाचं पत्र म्हणजे काम सोपं. तारीख, रक्कम, पैसा कुठून आला, सगळं एका पानात. पण तुम्ही ज्या गोष्टीला घाबरलात ती घाबरण्यासारखी नाही, आणि जी ओळ सहज लिहून पुढे गेलात तिथं खरी मेख आहे. तिच्याकडे येतोच.

आधी व्हॉट्सॲपचं निस्तरू. ५० हजारांचा नियम खरा आहे, पण तो परक्याकडून आलेल्या भेटीचा. आयकर कायद्यात ‘नातेवाईक’ कोण याची यादी दिलेली आहे. आईवडील, मुलं, नवरा-बायको, भाऊ-बहीण हे सगळे तिच्यात येतात. त्यांच्याकडून मिळालेल्या भेटीला कसलीच मर्यादा नाही. प्लॉट ४० लाखांचा असो की ४ कोटींचा, मुलाच्या उत्पन्नात त्यातला एक रुपयाही धरला जात नाही. तुम्हालाही काही लागत नाही, कारण बक्षीस म्हणून दिलेली मालमत्ता भांडवली नफ्याच्या हिशेबात ‘हस्तांतरण’ धरतच नाहीत. विक्रीच नाही, तर नफा कसला? पूर्वी भेटकर नावाचा वेगळा कायदा होता आणि तो कर देणाऱ्याला भरावा लागे. तुम्ही प्लॉट घेतलात तेव्हा तो चालू होता. १ ऑक्टोबर १९९८ नंतरच्या भेटींवर तो उरला नाही. तुमच्या पिढीच्या डोक्यात ती भीती अजून बसलेली असते, त्यात नवल नाही. १ एप्रिल २०२६ पासून आयकराचा नवा कायदा लागू आहे, त्यात कलमांचे आकडे बदलतात, पण हे तत्त्व तेच राहतं.

मुलगा सज्ञान आहे, त्यामुळे पुढे त्या जागेतून भाडं आलं तरी ते त्याचंच उत्पन्न. तुमच्या रिटर्नमध्ये त्याला जागा नाही.

आता ‘लाखभर रुपयांना विकला असं दाखवा’ हा सल्ला. सोलापुरात चहाच्या टपरीवर कर वाचवायच्या युक्त्या फुकट मिळतात मालक, पण ही युक्ती तुम्हाला साडेपाच लाखांना पडेल. बघा कशी. समजा सरकारी रेडी रेकनरप्रमाणे, म्हणजे सरकारने ठरवलेल्या दरतक्त्याप्रमाणे, त्या प्लॉटची किंमत ३० लाख निघते. (बाजारभाव आणि रेडी रेकनर यांच्यात फरक असतोच, तुमचा नेमका आकडा गट आणि विभाग बघून काढायचा.) खरेदीखत केलंत की दस्तावर तुम्ही एक लाख लिहा नाहीतर एक रुपया, आयकर खातं विक्री ३० लाखांनाच झाली असं धरतं. मूळ किंमत म्हणून २००१ चा भाव समजा १ लाख २० हजार धरला (ही सोय पुढे सांगतो), तर तो वजा जाता २८ लाख ८० हजारांचा दीर्घकालीन नफा. त्यावर साडेबारा टक्के म्हणजे ३ लाख ६० हजार, वर चार टक्के उपकर, एकूण ३ लाख ७४ हजार ४००. हे तुम्ही भरायचे, मिळालेले एक लाख हातात धरून. शिवाय महापालिका हद्दीत खरेदीखताला पाच टक्के मुद्रांक शुल्क आणि वर एक टक्का स्थानिक अधिभार, तोही ३० लाखांवर. ते १ लाख ८० हजार. वर दस्तात लिहिलेला व्यवहार खोटा, ते वेगळंच. या सल्ल्याबद्दल त्या गृहस्थांना चहा पाजा, पण ऐकू नका.

याच्या तुलनेत बक्षीसपत्राचा खर्च किती, ते आता. महाराष्ट्रात निवासी किंवा शेतीची मिळकत नवरा, बायको, मुलगा, मुलगी, नातू, नात किंवा दिवंगत मुलाची पत्नी यांना बक्षीस दिली, तर मुद्रांक शुल्क फक्त २०० रुपये. २०१५ सालापासूनची ही सवलत. पण महापालिका हद्दीत बक्षीसपत्रावरचा एक टक्का अधिभार वेगळा असतो. म्हणजे वरच्या उदाहरणात ३० हजार २०० रुपये, शिवाय नोंदणी आणि पानांची फी. इथं एक खाच आहे. सवलतीत शब्द आहे ‘निवासी मिळकत’. बांधलेल्या घराबद्दल कुणी प्रश्न काढत नाही, रिकाम्या प्लॉटबद्दल काढतात. बिनशेती आदेशात ‘निवासी प्रयोजन’ लिहिलेलं असेल तर त्याची प्रत दस्ताला जोडा. तरीही दुय्यम निबंधकांना शंका वाटली, तर वाद घालत बसू नका. मुद्रांक जिल्हाधिकाऱ्यांकडे अभिनिर्णयासाठी मसुदा द्या आणि किती शुल्क लागतं ते लेखी घ्या. सवलत मिळाली नाही तर सख्ख्या नात्यातल्या बक्षीसपत्राला तीन टक्के आणि अधिभार, म्हणजे ३० लाखांवर १ लाख २० हजार. खरेदीखतापेक्षा तरी कमीच.

सूनबाईंचं नाव या दस्तात घालू नका. त्या चांगल्याच असतील, माझा त्यांच्यावर आक्षेप नाही, पण कायद्याचं गणित इथं उलटं बसतं. सासऱ्याने सुनेला दिलेल्या भेटीवर तिला कर लागत नाही, इथवर ठीक. पण तिच्या वाट्याचं भाडं आणि पुढे विकल्यास तिच्या वाट्याचा नफा, दोन्ही तुमच्या उत्पन्नात मिळवले जातात. सुनेला दिलेल्या मालमत्तेसाठी कायद्यात हा खास नियम आहे आणि तुम्ही हयात आहात तोवर तो सुटत नाही. मुद्रांकाच्या २०० रुपयांच्या यादीत फक्त दिवंगत मुलाची पत्नी आहे, मुलगा हयात असलेली सून नाही. तीन टक्क्यांच्या यादीतही ती नाही. तिच्या हिश्शाला खरेदीखताइतकं पूर्ण शुल्क. नवरा-बायकोच्या नावावर घर असावं ही त्यांची इच्छा असेल, तर घर उभं राहिल्यावर मुलगा तिच्या नावे काय करायचं ते बघेल. तेव्हा त्या दोघांचे नियम लागतील, तुमच्या रिटर्नशी त्याचा संबंध उरणार नाही.

मग कर येतो कुठे? मुलाने प्लॉट कधी विकला तर. लोक इथंच चुकतात. मुलाला प्लॉट फुकट मिळाला म्हणून त्याची किंमत शून्य धरायची, असं नाही. आणि बक्षीसपत्राच्या दिवशीचा ३० किंवा ४० लाखांचा भावही धरता येत नाही. तुमची १९९७ ची किंमत त्याच्याकडे जाते, आणि जागा किती वर्षं ठेवली हेही तुमच्या तारखेपासून मोजतात. म्हणजे मिळाल्याच्या दुसऱ्या महिन्यात विकली तरी नफा दीर्घकालीनच.

१ एप्रिल २००१ आधी घेतलेल्या मालमत्तेला एक सोय आहे. ७२ हजारांऐवजी त्या तारखेचा बाजारभाव धरता येतो, फक्त जमिनीच्या बाबतीत तो त्या वेळच्या सरकारी दरापेक्षा जास्त नको. समजा तो १ लाख २० हजार निघाला. उद्या ४० लाखांना विकला तर नफा ३८ लाख ८० हजार, कर साडेबारा टक्क्यांनी ४ लाख ८५ हजार, उपकरासह ५ लाख ४ हजार ४००. घर बांधून तो राहणार असेल तर हा प्रश्न उठतच नाही. पण नोकऱ्या बदलतात, पुण्यातून बंगळुरू होतं, बंगळुरूतून आणखी कुठे. म्हणून आत्ताच एखाद्या सरकारमान्य मूल्यांककाकडून २००१ च्या भावाचा दाखला करून ठेवा. वीस वर्षांनी मुलगा तो शोधत फिरेल तेव्हा तुमची आठवण काढेल, चांगल्या अर्थाने.

आणि ते १९९७ चं खरेदीखत. मागच्या महिन्यात एक गृहस्थ माझ्याकडे असंच एक खत घेऊन आले होते, चादरीच्या दुकानाच्या प्लॅस्टिक पिशवीत. घडीच्या रेघेवर कागद फाटलेला, वरून सेलोटेप लावलेली, आणि नेमकं टेपच्या पिवळ्या डागाखाली चतुःसीमेतली ‘उत्तरेस’ ही ओळ. शेजारच्या प्लॉटचा नंबर वाचता येईना. दोन दिवस नकलेत गेले. तुमचं खत आजच उघडून बघा, स्कॅन करा, लॅमिनेशन मात्र करू नका. लॅमिनेट केलेला कागद खरा की रंगीत झेरॉक्स, हे तपासणाऱ्याला कळायचं बंद होतं.

बक्षीसपत्र झालं की मोठ्या रकमेचा व्यवहार म्हणून त्याची माहिती आयकर खात्याकडे जाऊ शकते आणि मुलाच्या वार्षिक माहिती विवरणात तो ‘खरेदी’ म्हणूनही दिसू शकतो. पैसे कुठून आणलेस, अशी विचारणा आली तर घाबरायचं नाही. बक्षीसपत्र आणि सूची दोनची (नोंदणी कार्यालयातून मिळणाऱ्या दस्ताच्या गोषवाऱ्याची) प्रत जोडून उत्तर द्यायचं. ५० लाखांवरच्या खरेदीत कापायचा एक टक्का टीडीएस इथं लागत नाही, कारण मोबदलाच नाही.

इथवर कराचं झालं. आता ती ओळ. ‘बाकीचे मंगळवेढ्याकडची वाडवडिलांची जमीन विकून आले होते त्यातले.’

खरेदीखतावर तुमचं एकट्याचं नाव आहे म्हणून प्लॉट तुमचा स्वकष्टार्जित, असं आपोआप होत नाही. पैसा एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित जमिनीचा असेल, तर त्यातून घेतलेल्या वस्तूला तोच गुण चिकटतो. आणि त्या गुणात मुलीचा जन्मतः हिस्सा आहे. महाराष्ट्राने मुलींना हा हक्क १९९४ च्या दुरुस्तीने दिला, केंद्राने २००५ मध्ये, आणि लग्न कधी झालं, वडील कधी वारले यावर तो अडत नाही हे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये विनीता शर्मा खटल्यात स्पष्ट केलं. तुमची मुलगी अक्कलकोटला नांदते म्हणून तिचा हिस्सा कमी होत नाही. तिची सही नसताना केलेलं बक्षीसपत्र पुढे न्यायालयात टिकेलच असं मी लिहून देणार नाही.

उलट बाजूही आहे. ती जमीन तुमच्या वडिलांची स्वतःची असेल आणि १९५६ नंतर त्यांच्या मृत्यूने वारस म्हणून तुमच्या वाट्याला आली असेल, तर ती तुमची वैयक्तिक मालमत्ता धरली जाते आणि मुलांचा जन्मतः हक्क येत नाही. लोक दोन्हीला सरसकट ‘वडिलोपार्जित’ म्हणतात, कायदा म्हणत नाही. म्हणून जमीन वडिलांकडे कशी आली, तुमच्याकडे कशी आली, फेरफार कोणत्या साली झाला, हे जुन्या सातबाऱ्यावरून बघायला हवं. तुम्ही हिशेबनीस आहात, बत्तीस हजारांचा उगम शोधायला तुम्हाला मी काय सांगू?

माझं मत विचाराल तर उतारा काहीही सांगो, मुलीला घरी बोलवा. फोनवर नको. दिवाळीला येईल तेव्हा नको, तेव्हा घरात पाहुणे असतात आणि कुणी नाही म्हणू शकत नाही. साध्या रविवारी बोलवा आणि तिच्यासमोर सगळं मांडा. तिचा हिस्सा निघत असेल आणि ती खुशीने सोडायला तयार असेल, तर नोंदणीकृत हक्कसोडपत्र करता येतं. वडिलोपार्जित मिळकतीतल्या अशा दस्ताला मुद्रांक नाममात्र असतो. ‘साध्या कागदावर सही घेऊन ठेवू’ असं कुणी म्हणालं तर सरळ नाही म्हणा, नोंदणी नसलेल्या त्या कागदाची किंमत शून्य. मुलाने बहिणीला काही रक्कम द्यायची ठरवली तर ती लपवू नका, दस्तात दाखवा, आणि त्याआधी वकिलाला एकदा विचारा, कारण मोबदला आला की कराचा आणि मुद्रांकाचा विचार वेगळ्या अंगाने करावा लागतो. अशा प्रकरणांत पुढे सगळ्यात महाग पडते ती बहिणीपासून लपवलेली गोष्ट, हे मी या टेबलाच्या अलीकडे बसून पुरेसं पाहिलंय.

आणखी एक. कर्जासाठी प्लॉट मुलाच्याच नावावर हवा, असं मुलाला कुणी सांगितलं? बऱ्याचदा जागेचे मालक वडील सहकर्जदार म्हणून सही करतात, जागा गहाण ठेवतात आणि मुलगा हप्ते भरतो. बँकेत आधी विचारून घ्या. कर्जाच्या व्याजावर आयकरात सूट हवी म्हणून घर त्याच्या मालकीचं हवं, असं त्याचं म्हणणं असेल तर तो कोणत्या कर प्रणालीत आहे ते विचारा. जुन्या प्रणालीत स्वतः राहत्या घराच्या व्याजाची वर्षाला दोन लाखांपर्यंत वजावट आहे, नव्या प्रणालीत राहत्या घरासाठी ती नाहीच. पगारदार मुलं आजकाल नव्या प्रणालीत असतात आणि घर मात्र जुन्या प्रणालीच्या आशेवर बांधतात.

मृत्युपत्राने दिलात तर? कराच्या बाजूने फरक काही नाही. वारसा कर आपल्याकडे १९८५ पासून नाही, मिळणाऱ्याला आयकर नाही, तुमची जुनी किंमत आणि जुनी तारीख तशीच त्याच्याकडे जाते. मृत्युपत्राला मुद्रांकही लागत नाही, आणि सोलापुरात प्रोबेटची (मृत्युपत्र न्यायालयातून प्रमाणित करून घेण्याची) सक्ती नाही. म्हणजे तो एक टक्काही वाचतो. फरक एवढाच की मृत्युपत्र तुम्ही हयात असेपर्यंत दहा वेळा बदलू शकता, नोंदवलेलं आणि स्वीकारलेलं बक्षीसपत्र मनात आलं म्हणून फिरवता येत नाही. मुलाला आत्ता बांधायचंय, म्हणून तुमच्या बाबतीत मृत्युपत्र गैरसोयीचं असू शकेल, तेवढं मी समजतो. हिस्सा निघाला तर मृत्युपत्रानेही तुम्ही फक्त तुमचा वाटा देऊ शकता, हेही लक्षात ठेवा.

बक्षीसपत्रच करायचं ठरलं, तर त्यात एक परिच्छेद तुमच्यासाठी आणि वहिनींसाठी घाला : मुलाने दोघांचा सांभाळ करावा, मूलभूत गरजा भागवाव्यात, आणि बांधल्या जाणाऱ्या घरात दोघांना हयातीपर्यंत राहण्याचा हक्क असावा. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ प्रमाणे अशी अट मोडली तर प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे जाऊन दस्त रद्द करून मागता येतो. ‘आमच्या पोराबद्दल असं लिहायचं?’ असं वहिनी म्हणतील, बहुतेक म्हणतातच. मुलगा चांगला असेल तर ते वाक्य त्याला टोचणार नाही. राहण्याच्या हक्कावर बँक कुरकुर करू शकते, म्हणून मसुदा नोंदणीआधी बँकेच्या वकिलाला दाखवा. दस्तावर दोन साक्षीदारांच्या सह्या हव्यात, मुलाने बक्षीस स्वीकारल्याचा उल्लेख हवा आणि नोंदणी हवीच. नंतर प्रॉपर्टी कार्ड असेल तर नगर भूमापन कार्यालयात, सातबारा असेल तर तलाठ्याकडे फेरफारासाठी अर्ज, आणि महापालिकेच्या कर विभागात नाव बदल. खुल्या जागेचा कर थकलेला असेल तर तो आधी भरा, नाहीतर नाव बदलायला गेल्यावर तो मागचा हिशेब निघेलच.

गड्ड्याच्या आधी होईल का, या प्रश्नाचं माझं उत्तर : उतारे लवकर मिळाले तर होईल, नाही मिळाले तर गड्डा होऊन जाऊ द्या. मंगळवेढ्याची जमीन विकली त्या दस्ताची प्रत तुमच्याकडे नसेल तर तिथल्या दुय्यम निबंधक कार्यालयात नकलेसाठी अर्ज करता येतो. विकत घेणाऱ्याचं नाव आणि साल सांगा, जमल्यास गट नंबरही. तो दस्त आणि त्याआधीचा वारस नोंदीचा फेरफार, हे दोन कागद हातात आले की मला परत लिहा.